बाथचं रोमन स्नानगृह बघायला जाताय? मग हे वाचून जा (नेहमी विचारले जाणारे प्रश्न)

यूकेत राहणाऱ्या मराठी घरांमध्ये मे-जून आला की आईबाबा, सासूसासरे, मावशी-काका असे पाहुणे सुरू होतात आणि लंडन बघून झालं की पुढचं नाव हमखास बाथचं निघतं. आमच्याकडेही तेच. प्रत्येक वेळी तेच प्रश्न येतात, कोणी जायच्या आधी विचारतं, कोणी तिकीट काढल्यावर, आणि एखादे काका थेट कुंडाच्या काठावर उभं राहून. म्हणून सगळं एकदाच लिहून टाकतेय. माझं मत आधीच सांगते, म्हणजे पुढे वाचताना गोंधळ नको: लोक इथे हिरव्या पाण्याचा फोटो काढायला येतात, पण बघण्यासारखी खरी गोष्ट आहे ती मागची, देवीचा झरा आणि त्यात लोकांनी टाकलेल्या वस्तू.

हे नक्की आहे काय आणि कुठे?

इंग्लंडच्या नैऋत्येला सॉमरसेटमध्ये बाथ नावाचं शहर आहे, ब्रिस्टलच्या जवळ. तिथे भर शहरात जमिनीतून गरम पाण्याचा झरा येतो. रोमन सैन्य इ.स. ४३ मध्ये ब्रिटनमध्ये उतरलं आणि त्यानंतर वीस-तीस वर्षांतच त्यांनी या झऱ्यापाशी मंदिर आणि सार्वजनिक स्नानगृह बांधायला घेतलं. गावाला नाव दिलं अ‍ॅक्वे सुलिस. पुढे जवळपास साडेतीनशे वर्षं ते वाढवत गेले, खोल्या जोडल्या, छप्पर बदललं. पाचव्या शतकाच्या सुरुवातीला रोमन सत्ता गेली, मग गटारं तुंबली, छप्पर कोसळलं आणि सगळं चिखलाखाली गेलं. आज आपण जे बघतो ते रस्त्याच्या पातळीपेक्षा बरंच खाली आहे, कारण मधल्या काळात त्याच्या डोक्यावर अख्खं गाव उभं राहिलं.

म्हणजे आपलं वज्रेश्वरीच की!

हो, हे प्रत्येक पाहुणा म्हणतोच, आणि खोटं नाहीये ते. तानसा नदीच्या काठची गरम पाण्याची कुंडं, शेजारी देवी, वसईच्या मोहिमेत चिमाजी अप्पांनी केलेला नवस आणि १७३९ ला किल्ला पडल्यावर बांधलेलं मंदिर, हे सगळं डोक्यात ठेवून बाथला गेलात तर निम्मं काम झालं असं समजा. इथेही आधी देवी होती. रोमन यायच्या आधीपासून इथले लोक सुलिस नावाच्या देवीला मानायचे, रोमनांनी तिला हाकललं नाही, आपल्या मिनर्व्हाशी जोडून टाकलं आणि सुलिस मिनर्व्हा म्हणून पूजा चालू ठेवली. म्हणजे पाणी आधी देवीचं आणि मग आंघोळीचं, हा क्रम लक्षात असला की आतली मांडणी एकदम कळायला लागते.

आत पोहता येतं का? टॉवेल, कपडे न्यायचे का?

नाही. अजिबात नाही. पाण्यात हातही घालायचा नाही, तशा पाट्या आहेत. १९७८ साली इथल्या पाण्यात पोहलेल्या एका मुलीचा मेंदूच्या संसर्गाने मृत्यू झाला, पाण्यात नेग्लेरिया नावाचा अमीबा सापडला आणि तेव्हापासून जुन्या कुंडांमध्ये उतरणं बंद झालं. कुंडातलं पाणी शुद्ध केलेलं नसतं आणि ते जातं ते जुन्या शिशाच्या पाइपांतून, म्हणून ही बंदी उगाच नाहीये.

त्याच झऱ्यांच्या पाण्यात डुंबायचंच असेल तर जवळच थर्मी बाथ स्पा आहे, २००६ ला सुरू झालेलं, गच्चीवर गरम पाण्याचा पूल वगैरे. पण ती पूर्ण वेगळी जागा, वेगळं तिकीट, लहान मुलांना प्रवेश नाही. बरेच जण दोन्हींत गोंधळ करतात आणि चुकीचं तिकीट काढतात, नाव नीट वाचा.

पाणी एवढं हिरवंगार का? घाण आहे का?

शेवाळ आहे ते. रोमन काळात या मोठ्या कुंडावर उंच छप्पर होतं, ऊन आत यायचंच नाही, त्यामुळे पाणी असं हिरवं नव्हतं. आता वर उघडं आकाश आहे, उजेड पडतो आणि गरम पाण्यात शेवाळ धरतं. झऱ्यातून ताजं येणारं पाणी हिरवं नसतं. उलट जिथून ते वाहतं तिथले दगड भगवे-तांबडे झालेले दिसतील, पाण्यातल्या लोहामुळे.

पाणी गरम कशामुळे? ज्वालामुखी आहे का तिथे?

ज्वालामुखी नाही. मेंडिप टेकड्यांवर हजारो वर्षांपूर्वी पडलेला पाऊस चुनखडीच्या दगडातून झिरपत काही किलोमीटर खोल जातो, तिथे पृथ्वीच्या उष्णतेने तापतो आणि मग भेगांमधून दाबाने वर येतो. वर पोचतो तेव्हा तापमान साधारण ४६ अंश सेल्सियस. रोज सुमारे ११ लाख ७० हजार लिटर पाणी येतं, आणि हे रोमनांच्या आधीपासून चालू आहे, ना मोटर ना पंप. कुंडात बुडबुडे येताना दिसतात ते उकळण्याचे नाहीत, पाण्याबरोबर वर येणाऱ्या वायूचे आहेत. थंडीत सकाळी गेलात तर पाण्यावर वाफ तरंगताना मस्त दिसते.

झरा आधीच गरम आहे तर भट्टी कशाला लागत होती?

हा प्रश्न माझ्या सासऱ्यांनी विचारला होता, आणि फार योग्य प्रश्न आहे. झऱ्याचं गरम पाणी मोठ्या कुंडात डुंबायला छान, पण रोमन लोकांना फक्त पोहायचं नव्हतं, त्यांना घाम काढायचा होता. त्यासाठी खोल्या तापवायला लागायच्या आणि ते काम लाकडाच्या भट्ट्या करायच्या. पश्चिमेकडच्या आणि पूर्वेकडच्या भागात तुम्हाला विटांसारख्या चौकोनी फरश्यांचे छोटे छोटे खांब ओळीने उभे दिसतील, साधारण मांडीइतके उंच. पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटतं की ही बसायची स्टुलं आहेत. प्रत्यक्षात खोलीची जमीन या खांबांच्या वर होती, भट्टीतला गरम धूर आणि हवा खालून फिरायची आणि भिंतींमधल्या पोकळ विटांतून वर जायची. म्हणजे पाय, भिंत सगळंच गरम. वरची जमीन बऱ्याच ठिकाणी गेली आणि खांब उरले, म्हणून तर आपल्याला आतलं यंत्र उघडं बघायला मिळतं.

मग लोक तिथे नेमकं करायचे काय?

कपडे काढून ठेवायचे, अंगाला तेल लावायचं, कोमट खोलीत बसायचं, मग गरम खोलीत घाम काढायचा, धातूच्या वाकड्या पट्टीने तेल-मळ-घाम एकत्र खरवडून काढायचा (पट्टी म्युझियममध्ये आहे, बघा), आणि शेवटी थंड पाण्यात उडी. साबण नाही. थंड पाण्याचं गोल कुंड अजून आहे, तिथे हल्ली लोक नाणी टाकतात. मधल्या वेळात गप्पा, खाणं, मालिश, धंद्याची बोलणी, सगळं तिथेच. स्नानगृह म्हणजे क्लब समजा.

बायका-पुरुष एकत्र का, हाही प्रश्न येतो, सहसा हळू आवाजात. काळाप्रमाणे आणि जागेप्रमाणे बदलायचं, सम्राट हेड्रियनने एकत्र आंघोळीवर बंदी घातल्याचा उल्लेख सापडतो, आणि बंदी घालायची वेळ आली म्हणजे चालत होतं हे उघड आहे.

आपण बघतो त्यातलं खरं रोमन किती?

हे नीट समजून घ्या, कारण इथे भले भले फसतात. तुम्ही आत शिरता ते वरच्या गच्चीवर, तिथून खाली मोठं कुंड दिसतं आणि कठड्यावर रोमन सम्राटांचे आणि ब्रिटनच्या सुभेदारांचे पुतळे उभे असतात. सगळे फोटो इथलेच. पण ही गच्ची आणि हे पुतळे १८९० च्या दशकातले आहेत, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या काळातले, १८९७ ला ही जागा लोकांसाठी खुली केली तेव्हाचे. कुंडाभोवतीचे खांबही खालचा बुंधा तेवढा रोमन, वरचं नवीन.

खरं रोमन बघायचं तर नजर खाली ठेवा. कुंडाभोवती आपण चालतो त्या झिजलेल्या फरशा रोमन आहेत. कुंडात उतरणाऱ्या उंच पायऱ्या रोमन. कुंडाच्या तळाला शिशाचे ४५ जाड पत्रे बसवलेत, दोन हजार वर्षांपूर्वीचे, आणि अजून पाणी धरून आहेत, आमच्या बिल्डिंगच्या गच्चीचं वॉटरप्रूफिंग दोन पावसाळे टिकलं नव्हतं म्हणून मला याचं जरा जास्तच कौतुक. पाणी १.६ मीटर खोल, म्हणजे गळ्याच्याही वर. जिथून गरम पाणी कुंडात पडतं तिथे एक मोठा सपाट दगड आहे, आणि काठाने फरशीत बसवलेला शिशाचा पाइप दिसतो, पत्रा वाकवून वरती सांधलेला. त्याचा जोड जवळून बघा, प्लंबरने केलेलं काम ओळखू येतं.

कोपऱ्यात छपराचा एक मोठा तुकडा ठेवलाय, त्यातल्या विटा आतून पोकळ आहेत. छप्पर जड होऊन पडू नये म्हणून केलेली युक्ती. बहुतेक लोक त्याच्या शेजारी उभं राहून कुंडाचा फोटो काढतात आणि त्याच्याकडे बघतही नाहीत.

ते शापाचं प्रकरण काय आहे?

माझी सगळ्यात आवडती गोष्ट. १९७८ ला पोहणं बंद झाल्यानंतर १९७९-८० मध्ये झऱ्याच्या तळाशी उत्खनन करता आलं आणि चिखलातून बारा हजारांवर रोमन नाणी आणि सुमारे १३० शापपत्रं निघाली. शिशाच्या किंवा तशाच मिश्रधातूच्या पातळ पत्र्यावर टोकाने कोरलेला मजकूर, गुंडाळी करून पाण्यात टाकलेला. पत्ता थेट देवीचा.

मजकूर काय, तर बहुतेक चोरीच्या तक्रारी! आंघोळीला गेलो, कपडे काढून ठेवले, परत आलो तर गायब. डोकिमेडिस नावाच्या माणसाचे दोन हातमोजे गेले, तो देवीला सांगतो की ज्याने नेले त्याची अक्कल आणि डोळे दोन्ही जाऊ देत. हातमोज्यांसाठी! डोकिलियानस म्हणून एक आहे, त्याचा टोपीचा झगा गेला, तो म्हणतो चोराला ना झोप लागो ना मूलबाळ होवो, जोपर्यंत झगा देवळात आणून देत नाही तोपर्यंत. आणि चोर कोण हे माहीत नसल्यामुळे सगळे जण एकदम वकिली भाषेत लिहितात, बाई असो वा पुरुष, गुलाम असो वा मोकळा, म्हणजे कुठली पळवाट राहायला नको. एकाने तर ख्रिश्चन असो किंवा नसो असंही घातलंय. एका पत्र्यावर विल्बिया नावाच्या कोणालातरी पळवून नेल्याची तक्रार आहे, नेणारा पाण्यासारखा वितळून जावो म्हणून, खाली संशयितांची नावं, आणि शब्द उलटे लिहिलेले.

राजे, सेनापती, लढाया यांचा इतिहास सगळीकडे मिळतो. हातमोजे गेले म्हणून चिडलेल्या साध्या माणसाचं अक्षर कुठे बघायला मिळतं सांगा. २०१४ मध्ये या शापपत्रांना युनेस्कोच्या यूकेच्या स्मृतिवारसा यादीत जागा मिळाली. काचेच्या पेटीत आहेत, दिसायला चुरगळलेल्या पत्र्यासारखे, म्हणून लोक दोन सेकंदांत पुढे जातात. तुम्ही थांबा, शेजारी भाषांतरं लावलीयत ती वाचा.

देवीची मूर्ती आहे का?

अख्खी नाही, फक्त डोकं. १७२७ ला रस्त्यात गटाराचं खोदकाम करताना मजुरांना ब्राँझचं, सोन्याचा मुलामा दिलेलं डोकं सापडलं, सुलिस मिनर्व्हाचं. वरच्या बाजूला बारीक भोकं आहेत, तिथे बहुतेक शिरस्त्राण बसवलेलं असणार. बाकीची मूर्ती कुठे गेली, पत्ता नाही. अंधाऱ्या खोलीत तिच्यावर प्रकाश सोडलाय. आमच्या आईने तिथे चक्क हात जोडले, आणि मला ते अगदी बरोबर वाटलं.

दुसरी गोष्ट म्हणजे मंदिराच्या दर्शनी त्रिकोणावरचं कोरीवकाम, १७९० ला शेजारच्या पंप रूम नावाच्या इमारतीच्या बांधकामात सापडलेलं. मध्ये मोठा चेहरा आहे, केसांत साप, त्याला गॉर्गन म्हणतात, पण ग्रीक कथांतली गॉर्गन ही राक्षसीण, म्हणजे बाई असते आणि याला तर झुपकेदार मिशा! म्हणून अभ्यासकांत वाद चालू आहे की हा गॉर्गन की कुठला जलदेव. खाली कोपऱ्यात घुबड शोधा, मिनर्व्हाचं घुबड, सहज दिसत नाही. मुलांना शोधायला लावा.

पाणी पिता येतं म्हणतात, खरं का?

हो, पण कुंडातलं नाही. आत नळ ठेवलाय, तिथे तपासलेलं झऱ्याचं पाणी मिळतं. कोमट, लोखंडी, ४३ खनिजं असलेलं. अठराव्या शतकात लोक औषध म्हणून पेलेच्या पेले प्यायचे. एक घोट घ्या, तोंड वाकडं करा, पुढे चला.

किती वेळ लागतो?

दोन तास धरा. ऑडिओ गाइड तिकिटातच असतो, मुलांसाठी वेगळा असतो, तो मोठ्यांनीही ऐकायला हरकत नाही. वरच्या गच्चीवर अर्धा तास घालवू नका, खाली वेळ कमी पडतो.

तिकीट कितीला? नॅशनल ट्रस्टचं कार्ड चालतं का?

दर दिवसाप्रमाणे आणि सीझनप्रमाणे बदलतात. वीकेंडला आणि सुट्टीत महाग, मधल्या वारी स्वस्त. आधी ऑनलाइन काढा, वेळेचा स्लॉट असतो, दारात जाऊन उभं राहिलात तर उन्हाळ्यात रांगेत तासभर जाऊ शकतो.

नॅशनल ट्रस्ट नाही, इंग्लिश हेरिटेजही नाही (जुन्या वास्तू सांभाळणाऱ्या या दोन संस्था). ही जागा तिथली कौन्सिल चालवते, त्यामुळे ती कार्डं पाकिटातच राहू देत. २५ आणि २६ डिसेंबरला बंद असतं, ख्रिसमसला इंडियाहून येणाऱ्यांनी लक्षात ठेवा.

जायचं कसं?

लंडनहून पॅडिंग्टन स्टेशनवरून थेट गाडी, साधारण दीड तास, स्टेशनचं नाव बाथ स्पा. वाटेत स्विंडन लागतं, तिथे गोव्याची बरीच मंडळी स्थायिक आहेत, डब्यात कोकणी कानावर पडली तर दचकू नका. ब्रिस्टलहून तर पाव तासाचा प्रश्न. स्टेशनवरून चालत दहा मिनिटं. गाडीने जाणाऱ्यांनी शहरात पार्किंग शोधायचा हट्ट सोडा, बाहेर पार्क अँड राइड आहेत, गाडी तिथे टाका आणि बसने या.

आईबाबांचे गुडघे दुखतात, जमेल का? बाबागाडी?

जमेल. बऱ्याच भागात लिफ्ट आहे, व्हीलचेअरने जवळपास सगळं बघून होतं. फक्त कुंडाभोवतीच्या फरशा उंचसखल आणि पाऊस पडला की निसरड्या, तिथे हात धरून चाला. चपला नकोत, बूट घाला. बाबागाडीपेक्षा कडेवर घ्यायची पिशवी सोयीची, आत काही वाटा अरुंद आहेत आणि गर्दी असते.

पाऊस पडला तर?

पडेलच. मोठं कुंड उघड्यावर आहे, बाकी सगळं छताखाली, त्यामुळे दिवस वाया जात नाही. निवड करता येत असेल तर सकाळचा पहिला स्लॉट घ्या किंवा अगदी शेवटचा. उन्हाळ्यात काही दिवस रात्री उशिरापर्यंत उघडं असतं आणि कुंडाभोवती मशाली लावतात, तेव्हा शाळांच्या सहली नसतात. दुपारी बारा ते तीन टाळा.

खायची सोय?

कुंडापाशी डबा उघडता येत नाही. शेजारच्या पंप रूममध्ये थाटात चहा मिळतो, पियानो वगैरे, बिल पण तसंच. आम्ही घरून पराठे नेतो आणि बाहेर नदीकडच्या बागेत बसून खातो, पुल्टनी पूल समोर दिसतो. फक्त सीगल पक्ष्यांपासून सांभाळा, हातातला घास उचलून नेतात.

स्टोनहेंज आणि बाथ एका दिवसात होतं का?

लंडनहून निघणाऱ्या कोच टूर विंडसर, स्टोनहेंज, बाथ असं तिन्ही एका दिवसात करतात. होतं, पण बाथला जेमतेम दीड-दोन तास मिळतात, त्यात जेवण, आणि काही टूरमध्ये स्नानगृहाचं तिकीट धरलेलंच नसतं, बाहेरून दाखवून पुढे नेतात. बुक करायच्या आधी हे विचारून घ्या. वयस्कर माणसं बरोबर असतील तर मी तरी सांगेन की बाथला अख्खा दिवस द्या, सकाळी स्नानगृह, दुपारी जेवून शेजारचं अ‍ॅबी (मोठं जुनं चर्च) आणि रॉयल क्रेसेंट या अर्धचंद्राकार घरांच्या रांगेपर्यंत एक चक्कर, आणि स्टोनहेंज दुसऱ्या दिवशी गाडीने करा. एकच निवडायचं असेल तर बाथ, कारण स्टोनहेंजला पाऊस आला की आडोसा नाही.